उजव्या कडेने शिवलेली फाइल

मित्रहो, परभणीच्या आमच्या कचेरीचा कारभार उर्दूतून मराठीत येऊन वर्ष झाले; माझ्या हातांना मात्र ते अजून उमगलेले नाही. आज मी एक फाइल जुन्या सवयीने, उर्दूसारखी उजव्या कडेने शिवली.

तरुण कारकून रंगनाथने ती सर्वांसमोर नाचवली. "बगा, मुन्शीजी आजून निजामाच्याच राज्यात हायेत! लय झालं, जा आता घरी."

सगळे हसले.

मी विचारले, "आतला एक तरी कागद चुकीच्या जागी लागला आहे काय?" त्याने सगळे कागद तपासले. चूक सापडेना, तेव्हा त्याने फाइल माझ्यापुढे ठेवली.

दुपारी सर्वांचे डबे त्याच्याभोवती उघडले. माझ्या बाकावर मी एकटाच होतो. वाद मी जिंकला होता. हसणाऱ्यांपैकी एकाने तरी माझ्याशेजारी येऊन बसावे, यासाठी आणखी कोणता पुरावा द्यायला हवा होता?