सशाच्या उड्या

आमचा कुत्रा पळायचा तेव्हा मागचे दोन्ही पाय एकदम उचलायचा. सशासारखा. साकीनाक्याला आमच्या कारखान्याच्या शेडसमोर मोकळी जागा होती, तिथे संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात तो टणाटण उड्या मारत यायचा. काम सोडून माणसं बघत उभी राहायची. मी म्हणायचो, "चाल बघा पठ्ठ्याची! शर्यतीचा घोडा आहे."

मी टर्नर. लेथवर लोखंड कातण्यात आयुष्य काढलं. शाळा चौथीपर्यंत, ती पण गावाला, अर्धी गुरांमागे. पण हाताला जे कळतं ते कागदाला कळत नाही, अशी माझी समजूत, आणि ती मी कोणाला खोडू दिली नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. शेडमध्ये चोऱ्या व्हायला लागल्या, म्हणून शेठ म्हणाले मोठ्या जातीचा कुत्रा पाळू. पिल्लू निवडायला मला घेऊन गेले. टोपलीत सहा अल्सेशियन पिल्लं. मी एकेक हातावर तोलून बघितलं आणि सगळ्यात जड ते उचललं. त्यांची आई कोपऱ्यात बसून होती. आम्ही गेलो तरी उठली नाही, पिल्लाला नेलं तरी उठली नाही. मला वाटलं, माजोरी आहे.

मग मी त्याला वाढवायला घेतलं. खाटकाकडची हाडं, पायाचं सूप, दूध, अंडी, वर दुकानात मिळणारी कॅल्शियमची पावडर दोन दोन चमचे. चार महिन्यांत पोटाचा नगारा झाला. पाचव्या महिन्यात सायकलला बांधून मरोळपर्यंत पळवायला लागलो. शेडमध्ये पाहुणा आला की त्याला मागच्या पायांवर उभा करून नमस्कार करायला लावायचो. रात्री तो तेलकट लादीवर झोपायचा. उठताना पाय सरकायचे, तर आम्ही हसायचो.

वर्षाचाही नव्हता तेव्हा एका सकाळी उठलाच नाही. पुढचे पाय रोवले, मागचं धड लादीवरच. माझ्याकडे बघत राहिला. 

शेडच्या टेम्पोतून त्याला अंधेरीला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने फोटो काढला, तो उजेडासमोर धरला. धुक्यातून हाडं दिसावीत तसं ते दिसत होतं.

"काका, हा खुब्याचा सांधा. ही वाटी, हा गोळा. गोळा वाटीत घट्ट बसायला हवा. याची वाटी उथळ आहे. गोळा हलतोय. म्हणून तर असे कुत्रे मागचे पाय जोडीने उचलून सशासारखे पळतात."

मी बघितलं. बेअरिंग ढिलं झालेलं मला दुरून कळतं. पण बोललो काय? "ज्याने विकला त्याने फसवलं."

"थोडं जन्मातूनच येतं. आईबापांची चाल बघून पिल्लू घ्यायला हवं होतं. पण खायला काय घालता?"

मी ऐटीत सगळी यादी सांगितली. तिने कपाळाला हात लावला.

"हाडं पक्की व्हायच्या आधी तुम्ही त्याच्यावर वजन चढवलंत, काका. वर ती पावडर. सायकल. उड्या."

"मग काय उपाशी ठेवू?"

"बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, एवढंच. पावडर आजपासून बंद. निसरड्या लादीवर ठेवू नका. उड्या नकोत, जिने नकोत. मऊ मातीवर थोडं थोडं चालवा. पाणी असेल तर पोहू द्या. पाण्यात अंगाचं ओझं सांध्यावर येत नाही."

"काल शाळा सोडलेली पोर मला शिकवते," असं पुटपुटत मी बाहेर आलो. तिला ऐकू गेलं असणार.

शेडमध्ये शेठ म्हणाले, "राखण करणार नाही तो कुत्रा काय कामाचा? इंजेक्शन देऊन मोकळा करू. शनिवारी नेऊन टाक."

मी म्हटलं, "विकणाऱ्याने फसवलं आपल्याला." आणि सगळ्यांनी मान डोलावली.

घरी बायकोला हेच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नव्या मशीनवर पयल्याच दिसापासून जड काम घेतास काय तुमी?"

"नाही."

"मगे?"

एवढंच. परत तांदूळ निवडायला लागली.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. नवं लेथ आलं की पहिले दिवस मी कोणाला हात लावू द्यायचो नाही. हलका कट, कमी वेग, तेल बघत बघत. एकदा घाईत जड काम लावणाऱ्याच्या मी कानाखाली वाजवली होती. लोखंडाला जे दिलं ते मी त्या जित्या जिवाला दिलं नव्हतं.

शनिवारी टेम्पो उभा होता. सगळी शेड बघत होती. मी शेठसमोर गेलो आणि मोठ्याने बोललो, म्हणजे परत गिळता येऊ नये. "फसवलं कोणी नाही. मीच त्याची वाट लावली. इंजेक्शन देऊ नका, मी घरी नेतो."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "तू? तू चूक म्हणतोस?"

मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, पेपरात द्या रे ही बातमी!"

"हसा लेको," मी म्हटलं आणि कुत्र्याच्या पोटाखालून टॉवेल घालून, मागचं धड उचलून, त्याला टेम्पोत चढवलं.

आमची खोली तळमजल्यावर होती. लादीवर गोणपाटं अंथरली. बायकोने त्याचा भात मोजून घालायला सुरुवात केली, आणि मी चोरून हाड दिलं तर मला चहा मिळायचा नाही.

रविवारी सकाळी वर्सोव्याला न्यायचो. खाडीचं पाणी भरलेलं असायचं, शांत, शिशाच्या रंगाचं. वाळत घातलेल्या मासळीचा वास, पलीकडे मढ बेट धुरकट दिसायचं, होड्या अर्ध्या झोपेत हलायच्या. पहिल्या रविवारी कुत्रा पाण्यात जाईना. मग मीच लेंगा वर करून शिरलो. जाळं निवडत बसलेली एक कोळीण ओरडली, "अरे बाबा, कुत्र्याला आंघोळ घालतोस का तूच बुडतोस?"

"तू तुझे मासे बघ गं!"

छातीएवढ्या पाण्यात त्याचं पोट माझ्या तळहातावर होतं. लादीवर ज्याला उचलताना माझी कंबर मोडायची, तो तिथे कापसाएवढा झाला. पाण्यात त्याचे पाय हळूहळू हलायला लागले. ऊन नुकतं वर येत होतं. कान मागे पाडून, नाक वर करून तो मढच्या दिशेने बघत होता. मी हात खालून काढून घेतला. त्याला कळलंसुद्धा नाही.