पिशवीचा बिल्ला

आमच्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याच्या गावी ग्राहक भांडाराची एकसारखीच पिवळी इमारत होती. गोल खिडक्या, रुंद पायऱ्या, आणि दारात आपली पिशवी ठेवून घेऊन पितळी बिल्ला देणारे मामा. भांडार बुडालं, इमारती उरल्या. कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे क्लास. आमच्या गावच्या इमारतीत आता डोळ्यांचा दवाखाना आहे.

परवा आईला तिथं तपासायला नेलं. दारातल्या वॉचमनपुढे तिनं सवयीनं पिशवी धरली.

"आजी, आत न्या की," तो गोंधळून म्हणाला.

"अरे, पिशवी आत नेत नसतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं मात्र मुकाट्यानं पिशवी घेतली आणि आपल्या खुर्चीखाली ठेवली.

आत तिच्या डोळ्यांत थेंब टाकले. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो. गोल खिडकीतलं ऊन तिला आता नुसतं धुरकट दिसत असणार.

"आता दिसतंय बघ," ती हळूच म्हणाली. "तिथं साबण. त्याच्यापुढे चहा. आणि तू बिस्किटांपाशी."

मी तिकडे पाहिलं. चष्म्यांचं कपाट होतं. माझे डोळे ठणठणीत, म्हणूनच मला काही दिसेना. पण साबणाचा वास आला, खरंच आला.

निघताना आई दारात थांबली. इतका वेळ घट्ट मिटलेली उजवी मूठ तिनं वॉचमनपुढे उघडली. तळहात रिकामा होता. त्यानं तो नीट निरखून पाहिला, मान हलवली आणि पिशवी आणून दिली.