काशप्पांचं घड्याळ पुढे गेलं होतं

बिदरच्या तहसील कचेरीतल्या, तारघरातल्या आणि दोन शाळांमधल्या भिंतीवरच्या घड्याळांना दर गुरुवारी किल्ली देण्याचं काम काशप्पांकडे होतं. त्यांच्या आधी ते त्यांच्या वडिलांनी केलं. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, साहेब बदलले, पाट्यांवरची भाषा बदलली, पण किल्ल्यांचा जुडगा काशप्पांच्याच कमरेला राहिला. शिक्षण उर्दू चौथी. घरी कानडी, आमच्याशी मराठी. एखादं घड्याळ बरोबर आहे असं त्यांनी सांगितलं की कुणी पुन्हा विचारत नसे. त्यांचं पोट त्या विश्वासावर होतं.

माझे यजमान हणमंतराव मूळ बिदरचे, गुलबर्ग्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. १९५३ च्या दिवाळीत आम्ही बिदरला गेलो, तेव्हा काशप्पांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसून ह्यांनी त्यांना नवं शास्त्र समजावून सांगितलं. पृथ्वीच्या जितकं जवळ जावं तितकी तिची ओढ वाढते आणि काळ मंद चालतो, आणि नुसत्या वेगानेही तो मंद होतो. काशप्पा हातातलं काम ठेवून ऐकत होते.

"वेगानं बी होतो म्हणता," ते म्हणाले, "तिथं तर ओढ न्हाई. मग ओढ आन् काळ एकच कसं?"

"तुमच्या-माझ्यापुरतं एकच समजा," हे हसून म्हणाले.

काशप्पांना ते पटलं नाही. ह्यांना मात्र एक कल्पना सुचली. बिदर उंचावर, गुलबर्गा सातशे फूट खाली. बिदरला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ गुलबर्ग्याला आणून टांगलं तर ते मागे पडेल आणि सगळ्यांना काळ मंद झालेला डोळ्यांनी दिसेल. शिक्षण खात्याचे मोठे साहेब जानेवारीत येणार होते. त्यांना घरी चहाला बोलवायचं ठरलं. निमंत्रणं मी लिहिली, कारण कॉन्व्हेंटात माझं अक्षर घोटून घेतलेलं होतं. 'बिदरचे घड्याळ गुलबर्ग्यात कसे मंदावते, हे प्रत्यक्ष पाहावे.' अशी पंचवीस पत्रं.

काशप्पांनी आपलं सर्वांत चांगलं घड्याळ दिलं. लंबकाची दांडी जुन्या सागवानाची होती, कारण लोखंड उन्हाने वाढतं. तारघरात रोज दुपारी चारला मद्रासहून वेळ येई, तिच्याशी त्यांनी ते महिनाभर जुळवलं. मग लंबकाच्या तळाशी असलेल्या चाकीवर लाखेचा ठिपका दिला. ती चाकी फिरवली की घड्याळ जलद किंवा सावकाश होतं, आणि फिरवली तर ठिपका तुटतो. लंबक टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन ते मोटारीने आले. आमच्या दिवाणखान्याच्या दगडी भिंतीवर त्यांनी घड्याळ टांगलं, ओळंबा धरून सरळ केलं, आणि शेजारी खिळ्याला आपलं खिशातलं घड्याळ अडकवलं.

"हे स्प्रिंगवर चालतं, अक्का," त्यांनी मला सांगितलं. "ओढीशी ह्याचं काय देणंघेणं न्हाई. दोनी मागं पडली तर काळ मागं पडला. एकच बदललं तर नुसता लंबक बदलला. तुमी रोज लिहून ठेवा."

ते बिदरला परतले. ४ ते १८ जानेवारी रोज रेडिओच्या ठोक्यांवर मी दोन्ही घड्याळं पाहिली आणि डायरीत आकडे लिहिले. खिशातलं रेडिओबरोबर राहिलं. भिंतीवरचं दिवसाला दोन सेकंद पुढे जात होतं. पंधराव्या दिवशी एकोणतीस सेकंद पुढे.

मी आकडे ह्यांच्यापुढे ठेवले. ह्यांनी ते दोनदा ताडून पाहिले. मग त्यांनी मला नीट समजावलं, तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. खाली ओढ जास्त, म्हणून लंबक भरभर हलतो आणि घड्याळ पुढे जातं. काळ मंदावतो तो इतका थोडा की या उंचीला तेरा-चौदा लाख वर्षांत एक सेकंद. दोन्ही गोष्टी वेगळ्या, आणि या घड्याळात तर उलट्या. काशप्पांचा संशय खरा होता.

"मग पाहुण्यांना हेच सांगा," मी म्हटलं.

"निमंत्रणात तू काय लिहिलंयस ते आठव," हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा ह्यांची लंबकाखालची चाकी फिरवून झाली होती आणि त्यांनी घड्याळ रेडिओशी पुन्हा लावलं होतं. खिशातलं घड्याळ टेबलाच्या खणात गेलं होतं.

२२ तारखेला पाहुणे जमले. चार दिवसांपूर्वी रेडिओशी लावलेलं घड्याळ दीड मिनिट मागे पडलंय, हे ह्यांनी सगळ्यांना दाखवलं. साहेबांनी कौतुक केलं. काशप्पा मुद्दाम बिदरहून आले होते, दाराशी उभे होते. ते पुढे झाले, घड्याळाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे.

"साब, हे मागं पडायचं न्हाई. कुणीतरी हात लावलाय."

कुणीतरी हसलं. ह्यांनी शांतपणे सांगितलं, की कारागिराचं हातकाम आहे, घड्याळात थोडा दोषही असू शकतो, पण तत्त्व तेच.

"अक्कांनी रोज लिवलंय," काशप्पा म्हणाले. "त्येंना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात चहाचा ट्रे होता.

"मी रोज पाहिलं नाही," मी म्हणाले.

काशप्पांनी मान खाली घातली आणि ते निघून गेले. पाहुण्यांत बिदरचे एक अंमलदार होते. त्यांनी तिकडे जाऊन सांगितलं, की काशप्पाचं घरचंच घड्याळ चार दिवसांत दीड मिनिट चुकतं, वर भरल्या बैठकीत वाद घालतो. फेब्रुवारीत तहसीलची किल्ली गेली, मग तारघराची, मग शाळांच्या. वडिलांपासूनचा जुडगा महिन्याभरात रिकामा झाला. ह्यांना त्या जूनमध्ये बढती मिळाली.

१६ मार्चला काशप्पा आपली घड्याळं न्यायला आले. हे कॉलेजात होते. काशप्पांनी लंबक काढला, उलटा धरला आणि तुटलेल्या लाखेवर अंगठा फिरवला. कुणी फिरवली ते विचारलं नाही. दुकान बंद केलं म्हणाले. हुलसूरला बहिणीची जमीन आहे, तिकडे चाललोय. मी ह्यांना सांगून साहेबांना पत्र लिहायला लावते, असं काहीतरी मी बोलले. माझं मलाच ते ऐकवेना.

"पत्र नगं, अक्का," ते म्हणाले. "किती पुढं गेलं हुतं, तेवढं सांगा."

"एकोणतीस सेकंद. पंधरा दिवसांत."

"आन् खिशातलं?"

"रेडिओबरोबर."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. "मग ओढ आन् काळ, दोनी येगळीच," ते म्हणाले, आणि लंबक टॉवेलात गुंडाळायला लागले. गाठ मारून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

"तुमी लिवलं हुतं, ह्ये मला म्हाईत हुतं, अक्का. त्या दिशी बी म्हाईत हुतं."

त्या दिवसाची माझी नोंद तीन वाक्यांची आहे. काशप्पा आले. घड्याळं घेऊन गेले. चहा नको म्हणाले.