नसलेले दोन फिटर

मॅनेजरने मला फसवले. तो तुमसरचा, मी शेजारच्याच कटंगीचा. म्हणजे फसवणारा परकाही नव्हता. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने मला टांझानियातल्या राइस मिलवर बोलावले. पत्रात लिहिले, 'आपल्याकडचे दोन फिटर इथे आहेत, तिघे मिळून राहाल.' पोहोचलो तर फिटर एकही नाही. मॅनेजर स्वतः दिवसभराच्या अंतरावर शहरात राहायचा. माझी भाषा कळणारा मिलमध्ये कोणी नव्हता. मेसमध्ये मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा मिळायचा, तो घशाखाली उतरत नसे. मी चहा-केळ्यांवर राहिलो आणि मशीनशी बोलू लागलो. मोठ्याने, शिव्यांसकट.

मिलमध्ये शेलर असतो. त्याच्या दोन रबरी रोलांमधून धान गेले की टरफल निघते. रोलांमधले अंतर नेमके ठेवणे हे फिटरचे काम. इथे अर्धा तांदूळ तुटून निघत होता. आम्ही त्याला कनकी म्हणतो. आठ दिवस मी अंतर कमी-जास्त केले, रोल बदलले. कनकी तेवढीच.

मॅनेजर आला.

"काहून मिस्त्री, अर्धी कनकीच येऊन राह्यली? परत पाठवू का बालाघाटले?"

"पाठवा. पन आधी ते दोन फिटर दाखवा मले."

"येऊन राह्यले ना ते."

"पायी निघाले का?"

तो लाल झाला. "पंधरा दिवस देतो. मंग बिस्तर बांध."

बालाघाटची पक्की नोकरी सोडून मी आलो होतो. नापास होऊन परतलो असतो तर तिथल्या एकाही मिलने मला उभे केले नसते.

रविवारी मिल बंद. खोलीत एकटे बसवेना, म्हणून भर दुपारी अनवाणीच वाळवणाच्या अंगणात गेलो. धानावर पाय ठेवला आणि चटका बसून मागे उडी मारली. अंगण सांभाळणाऱ्या बाईला सगळे मामा आशा म्हणत; तिकडे मामा म्हणजे आई. ती हसून म्हणाली, "मोटो!" म्हणजे गरम. तो माझा पहिला स्वाहिली शब्द.

आमच्याकडे वाळवण बायांचे काम. फिटर तिकडे ढुंकून पाहत नाही. फिटर झाल्यापासून मीही पाहिले नव्हते. पण माझी आई मिलच्या अंगणात राबायची. तिच्या पायाला चटका बसला की ती धान ओढून ढीग करायची, वर पोती टाकायची. इथे ते दिवसभर उन्हात पसरलेले असे. मी एक दाणा सोलून उजेडात धरला. आडवी चीर होती. तांदूळ मशीनमध्ये जाण्याआधीच उन्हाने तडकत होता.

मी हातवारे केले, मामा आशाने बाया लावल्या. दुपारी ढीग, वर पोती. आठवड्यात तांदूळ अख्खा निघू लागला.

मॅनेजर धावत आला. "मशीनले काय केलं?"

"हात नाही लावला."

"मंग?"

"सांगतो. आधी वेगळी चूल पाहिजे. अन् दर पंधरा दिवसांनी शहरात जायले ट्रकमध्ये जागा."

"धमकी देतं का बे?"

"हौ."

चूल मिळाली, जागाही मिळाली. मग सांगितले.

सहा वर्षे तिथे एकट्याने काढली. भांडता येईल इतकी स्वाहिली शिकलो. तिथल्या तीन मिलांचे वाळवण माझ्या पद्धतीने होऊ लागले. कामातले एवढेच शिकलो की मशीन बिघडली असे कोणी म्हटले, तर आधी अंगण पाहावे.

एकटे राहावे लागेल, असे खरे सांगितले असते तरी मी गेलोच असतो. मॅनेजरलाही ते माहीत होते. मग खोटे का लिहिले? तो आता तुमसरला घरी बसून असतो. त्याने उत्तर द्यावे.