आत घेतलेली शिवण

मास्तरला बोलता येत नव्हतं असं नाही, पण बायको जवळ असताना बोलायची पाळीच येत नव्हती. दुकानात मशीन त्याचं आणि तोंड तिचं. गिऱ्हाईक दारात आलं की मास्तर गळ्यातली टेप काढून माप घ्यायचा, आकडे पुटपुटायचा आणि परत मान खाली घालून पाय हलवायला लागायचा. पुढचं सगळं बाई बघायची. तारखा तीच द्यायची आणि तारीख हुकली की थापाही तीच ठोकायची. "तुमचा कपडा तयारच आहे हो, नुसती बटणं राहिलीत," असं ती छातीठोक सांगत असायची, तेव्हा कापड अजून गिऱ्हाइकाने आणलेल्या पिशवीतच पडलेलं असायचं. सुईला मात्र तिने जन्मात हात लावला नाही. "टोचते मेली," म्हणायची.

एक गोष्ट ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवायची. "आमच्या मास्तरच्या कपड्यात माया असते बघा. शिवणीच्या आत चांगलं दोन बोटं कापड जास्तीचं सोडतात. अंग सुटलं तर उसवा आणि घाला. बाकीचे टेलर लुच्चे, ते कापून घेतात आणि त्याच्या उशा भरतात."

अशा या बाईच्या अन्ननळीत गाठ निघाली.

आधी घास अडायला लागला, मग पाणी. सलाइनमधून औषध सुरू झालं आणि त्याच्या जोडीला रोजचा शेक. शेक म्हणजे मोठ्या मशीनखाली निजवून आतली गाठ जाळायची. गाठीबरोबर आजूबाजूचंही पोळलं. घोटभर दूध गिळायचं तर ती खाटेची कड धरून डोळे मिटायची. आवाज बसला तो बसलाच. दुकानातला गलका बंद पडला तेव्हा मास्तरला पहिल्यांदा कळलं की आपलं मशीन केवढा खडखडाट करतं.

एक दिवस ती कपाटाच्या आरशापुढे उभी राहिली. अंगातला गाऊन खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. कमरेपाशी मूठभर कापड चिमटीत धरून ती म्हणाली, "मास्तर, मी वाळले काय हो?"

त्या दिवशी तिने दुधाला तोंडसुद्धा लावलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आता टेलर माणसाला दुसरं काय सुचणार? दुपारी तिचा डोळा लागला तसा त्याने दोरीवरचा दुसरा गाऊन काखोटीला मारला आणि दुकान गाठलं. दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. दोरा तोच, टाका तोच. बाहेरून बघून कुणी शहाणा ओळखणार नाही असं काम केलं. दुसऱ्या दिवशी बाईने तो गाऊन घातला, आरशापुढे वळून बघितलं आणि तिचे डोळे चमकले.

"बघा, भरतंय अंग. कालचा गाऊन धुऊन धुऊन सैल झालेला मेला."

आणि तिने कपभर दूध रडतकढत का होईना, पण संपवलं.

त्या कपाने मास्तरचा घात केला. मग त्याला थांबताच येईना. एक गाऊन झाला, दुसरा झाला, बाह्या झाल्या, गळे झाले. ती उतरत गेली आणि तो आत घेत गेला. आतल्या बाजूला जाड घडी साठायला लागली. शेकाने कातडी सोललेली, तिला ती घडी टोचायची. ती कुशीत हात घालून खाजवायची आणि इकडे मास्तर तिच्या बोटांवर नजर ठेवून बसायचा. कधीतरी हाताला लागेल आणि बिंग फुटेल. शेवटी एका दुपारी त्याने कात्री उचलली आणि जास्तीची पट्टी कापून चिंध्यांच्या पोत्यात टाकली. तेव्हापासून तो कापतच गेला.

मास्तरच्या पोरीने ते बघितलं. "बाबा, हे काय चाललंय?"

"तिला बरं वाटतं गं."

"बरं वाटून काय करायचंय? पोटात काही जातंय का तिच्या?"

जात नव्हतं. कपभर दूध अर्ध्यावर आलं होतं, अर्ध्याचे दोन घोट झाले होते. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेलाच सांगितलं होतं की तोंडाने जात नसेल तर पोटाला बारीक भोक पाडून नळी बसवू, दूध आणि सूप थेट आत सोडू. तेव्हा बाईने अंगातल्या कपड्याची साक्ष काढून त्यांना वाटेला लावलं होतं. मास्तर बाजूला बसून नखं बघत होता.

या खेपेला डॉक्टरीणबाई सरळच बोलल्या. "वजन फार उतरलंय. नळी नसेल तर मी शेक थांबवते. या अंगाला तो झेपणार नाही. आणि अर्धवट जाळलेली गाठ परत जोर धरते, हेही ऐकून ठेवा."

"नळीबिळी नको," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी काय पिंप आहे तोटी बसवायला? तुमचा काटा बिघडलाय. दिवसभर माणसं चढतात उतरतात, त्याचं काय राहिलं असेल? हा कपडा बघा. अंगाला कसा बसलाय. आजारी पडायच्या आधी बसायचा तस्साच. काटा थापा मारेल, कपडा नाही मारायचा. आणि हा शिवलाय कुणी? आमच्या मास्तरने!"

डॉक्टरीणबाईंनी मास्तरकडे बघितलं. पोरीनेही बघितलं. या वेळी मास्तरने नखं बघितली नाहीत.

"कपडे मी आत घेतलेत," तो म्हणाला.

"काय?"

"सगळे. तू दुपारी झोपलीस की घ्यायचो."

बाईला आधी हसूच आलं, मास्तर कधी नव्हे ती थट्टा करतोय असं वाटून. मग तिने गाऊनच्या कुशीत बोटं घातली आणि शिवण चाचपत वरपासून खालपर्यंत नेली. पुन्हा वर आणली. सुईला कधी शिवली नव्हती, पण शिवणीत काय असायला हवं ते तिला पाठ होतं.

"माया कुठाय?"

"कापली."

"का?"

"टोचत होती तुला."

"आणि मी परत भरले असते तर? काय उसवलं असतं तुम्ही, मास्तर?"

मास्तर गळ्यातली टेप चाचपायला गेला, ती दुकानात राहिली होती.

"आत घेतलंत ते समजलं मला. पण कापलंत. म्हणजे तुम्ही मला मोडीत काढलंत."

"तसं नाही गं..."

"मग कसं? बोला की."

कात्री हातात घेतली तेव्हा ही परत भरेल असं एकदा तरी मनात आलं होतं का, ते मास्तर आठवून बघायला लागला. खूप शोधलं. नव्हतं आलं. इतकी वर्षं तिच्या थापांच्या आडोशाला बसलेला माणूस, त्याला स्वतःला एकही नीट मारता येत नव्हती.

"मला नव्हतं वाटलं तू परत भरशील," तो म्हणाला.

पोरीने तोंडावर हात दाबला. बाईने कुशीतली बोटं काढून घेतली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळली. "बसवा नळी. आणि ह्यांना बाहेर काढा."

तिला लगेच भरती केलं. उद्या सकाळी नळी बसवायचं ठरलं. अंगात दवाखान्याचा नाड्यांचा झगा, त्यात तिच्यासारख्या आणखी दोघी मावल्या असत्या. मास्तरने शिवलेलं सगळं तिने पोरीकडून पिशवीत भरून घरी धाडलं. मास्तर वॉर्डाच्या दाराशी बाकड्यावर बसला. कुणी आत बोलावलं नाही आणि आपण होऊन जायची त्याची छाती झाली नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला तिला हुडहुडी भरली. ताप चढला. रक्त तपासून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "अंगात जंतूंशी लढायला काही उरलेलं नाही. अशात पोटाला भोक पाडता येणार नाही. ताप उतरू द्या."

"आणि शेक?"

"तोही बंद. हे आठवडाभर आधी व्हायला हवं होतं, मास्तर."

"कधी उतरेल ताप?"

त्यांनी मास्तरच्या खांद्याला हात लावला आणि त्या परत आत, दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

पोरगी औषध आणायला खाली गेली होती. नर्सने मास्तरला आत बोलावलं, हातात पाण्याचं भांडं आणि फडकं दिलं. "पट्ट्या ठेवा कपाळावर. मला बाकीचेही पेशंट आहेत."

मास्तरने फडकं पिळलं आणि तिच्या कपाळावर ठेवलं. डोळे न उघडता तिने ते झटकून टाकलं. त्याने परत ठेवलं. तिने परत हात मारला, या वेळी मनगटाला धरून ढकललंसुद्धा. "जा," इतकंच म्हणाली.

तो गेला नाही. फडकं गरम झालं होतं. ते पाण्यात बुडवलं, पिळलं, हळूच टेकवलं आणि तो वाट बघत थांबला. तिचा हात चादरीवरून थोडा उचलला गेला, बोटं हलली आणि हात तिथेच खाली पडला.

"झटक की," मास्तर म्हणाला. "अगं, झटक ना."

ती नुसती धापा टाकत होती. कपाळावरचं फडकं तसंच होतं.