परबसाहेबांची पटांगणातली भिंत

परबसाहेबांची आणि माझी पहिली भेट आमच्याच सोसायटीच्या सभेत झाली आणि त्याच दिवशी ते माझ्या मनातून उतरले. गौरवग्रंथात असं लिहू नये हे कळतं. पण त्यांच्या पंचाहत्तरीला खोटं बोलणं बरं नव्हे.

मुलुंडची आमची इमारत पाडून नवी बांधायची होती. मी तीस वर्षं कंत्राटदारी केलेला, तिथलाच रहिवासी. काम मलाच मिळणार असं मी धरून चाललो होतो. गिऱ्हाइकाला नवीन काही सांगायचं नाही, हा माझा धंद्याचा मंत्र. लाल वीट म्हटलं की माना डोलतात. याच कामासाठी आलेले दुसरे कंत्राटदार म्हणजे परबसाहेब. त्यांनी मात्र पांढऱ्या हलक्या ब्लॉकची एक भिंत पटांगणात आधीच उभी करून ठेवली होती. आमची माणसं भिंत बोटांनी ठोकून पाहतात. ही पोकळ वाजली. सगळे हसले, मी जरा जास्तच. साहेबांनी तिच्यावर शांतपणे एक मांडणी बसवली आणि माझ्याच पत्नीला म्हणाले, "वहिनी, घरचे डबे आणा, रचा." तांदळाचे, पिठाचे, सगळे डबे रचले. मांडणी हलली नाही.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या शिर्केकाकू म्हणाल्या, "पण भांडुपला ह्याच ब्लॉकच्या बिल्डिंगला तडे गेले ना? पार वाट लागली म्हणे!"

भांडुपचं काम माझं होतं. सभेत हे फक्त परबसाहेबांना ठाऊक होतं, कारण दुरुस्ती त्यांनी केली होती. मी माझ्या दरपत्रकाचे कागद चाळू लागलो.

"काकू, कारागिरांना नवं काम कुणी शिकवलंच नाही," ते म्हणाले. "चूक आम्हा धंदेवाल्यांची."

मतदानाला परबसाहेबांच्या बाजूनं पहिला हात माझ्या पत्नीचा वर गेला. "अगं, निदान जरा उशिरा तरी करायचास!" मी घरी म्हटलं.

"तुम्ही नुसते कागद दाखवलेत. त्यांनी भिंत दाखवली ना!"

काम साहेबांना मिळालं. पुढं त्यांनी मला गवंड्यांवर देखरेखीला बोलावलं. मी तोऱ्यात नाही म्हटलं. आज त्यांनी बांधलेल्या घरात राहतो आणि भिंतींत तडा शोधतो. सापडत नाही, याचा राग येतो.

आता लिहूनच टाकतो. भांडुपचे ब्लॉक चांगले होते. ते भिजवायचे नसतात आणि त्यांना वेगळा मसाला लागतो; मी मात्र विटांसारखे हौदात भिजवायला लावले, नेहमीच्याच सिमेंट-वाळूत रचले आणि तडे गेल्यावर ब्लॉकनाच नावं ठेवली. माझं ऐकून कितीतरी सोसायट्या नव्या कामाला घाबरल्या.

साहेब, शंभरी गाठा, धडधाकट राहा. हे वाचून तुम्ही मला क्षमा कराल, याची मला खात्री आहे. त्याचाही मला हेवा वाटतो.