संत्र्याच्या रंगाची चोच

"मोठं नको करू. लहान कर."

मोबाइलवरचा फोटो कुणी दोन बोटांनी ताणायला लागलं की काकाजी त्याचा हात धरायचे. मोबाइल काढून घेऊन ओट्यावरच्या तांब्याला टेकवून ठेवायचे, चार पावलं मागे जायचे आणि मान तिरकी करून पाहायचे. तुम्हीही कधी करून पाहा. धूसर फोटो जवळ ओढला की त्याचे नुसते चौकोन होतात. लांब ठेवला की त्यात पक्षी दिसतो.

नाचणगावात ते आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायचे. मी पुलगावच्या शाळेत शिकवते. काकाजींनी उभं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात घालवलं होतं. मूठभर रुई उजेडात धरायची, बोटांनी ओढून पाहायची आणि एका शब्दात निकाल द्यायचा, हे त्यांचं काम. "पांढरं म्हंजे निस्तं पांढरं नाई राह्यत, पोरी," ते सांगायचे. "त्यात पिवळं राह्यते, निळं राह्यते, मातीचं राह्यते."

मी कॅमेरा घेतला आणि रविवारी धरणावर जायला लागले, तेव्हा हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. हिवाळ्यात तिथे कुरव येतात. समुद्रावरचे हे पक्षी थंडीत आपल्या धरणांवरही उतरतात. उन्हाळ्यात कुणाचं डोकं काळं असतं, कुणाचं तपकिरी. पण हिवाळ्यात सगळ्यांची डोकी पांढरी. कानामागे शाईचं बोट पुसल्यासारखा एक डाग, तेवढीच खूण. त्यात ते बसणार पाण्याच्या मधोमध. माझ्या फोटोत ते तांदळाच्या दाण्याएवढे यायचे.

पहिल्यांदा असा फोटो काकाजींना दाखवला तो गंमत म्हणून. ते मागे गेले, पाहत राहिले आणि म्हणाले, "हे दोन घरचे हायेत."

"कशावरून, काकाजी?"

"याच्या पंखाचं टोक काळं, अन् काळ्यात पांढरी टिकली. त्याच्या पंखाची पुढची धारच पांढरी."

मी पुस्तक काढलं. टिकलीवाला तपकिरी डोक्याचा कुरव, धारवाला काळ्या डोक्याचा. काकाजींना दोन्ही नावं ठाऊक नव्हती. "नाव तू पाह्य," ते म्हणाले. "येगळं हाये का नाई, तेवढं मी सांगतो."

आणि ज्यात कळण्यासारखं काही नसेल, तिथे ते शांतपणे म्हणायचे, "नाई कळत." माझ्या निम्म्या फोटोंना हेच उत्तर मिळायचं. म्हणूनच ते जेव्हा 'येगळं हाये' म्हणायचे, तेव्हा माझा त्यावर विश्वास बसायचा.

त्या डिसेंबरात मी वर्धा नदीच्या पात्रात एक फोटो काढला. मधल्या रेतीच्या बेटावर एक सुरय बसला होता. सुरय म्हणजे लांब पंखांचा, दुभंगलेल्या शेपटीचा, पाण्यावर सूर मारणारा पक्षी. आपल्या नदीवर नदी सुरय नेहमीच दिसतो. मी तोच समजून चालले होते. काकाजी चार पावलं मागे गेले, मान आधी डावीकडे, मग उजवीकडे तिरकी करून पाहत राहिले.

"हा तो नाई," शेवटी म्हणाले. "त्याची चोच हळदीची राह्यते. याची संत्र्याची हाये."

मी पुस्तक उघडलं. केशरी चोच काळ्या पोटाच्या सुरयाची असते. विणीच्या दिवसांत त्याचं पोट काळं होतं; हिवाळ्यात मात्र तो इतरांसारखाच पांढरा. एके काळी नद्यांवर सर्रास दिसणारा हा पक्षी आता फार थोड्या ठिकाणी उरलाय. आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर मी फोटो टाकला. नागपूरच्या एका जाणकार सरांचं लगेच उत्तर आलं: 'संध्याकाळच्या उन्हात पिवळी चोच केशरी दिसते. इतक्या लांबून, तेही हिवाळ्यात, हे ठरवता येत नाही. नदी सुरयच असावा.'

मी ते काकाजींना वाचून दाखवलं.

"बरोबर बोलून राह्यला तो माणूस," ते म्हणाले. "पन बाजूले टिटवी उभी हाये. तिचे पाय पाह्य. पिवळे हायेत का नाई? ऊन काय चोचीवर येगळं अन् पायावर येगळं पडते? अन् तो टिटवीएवढाच हाये. नदीतला सुरय असता तं तिच्याहून मोठा दिसला असता."

मी हे जसंच्या तसं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी सरांनी कळवलं, 'मुद्दा चांगला आहे. मार्चमध्ये पोट काळं झालं तर मान्य करू.'

मला यात वावगं वाटलं नाही. काकाजींना मात्र चैन पडेना.

"मार्चात तं कोनीबी ओळखीन. डांगराचं बी या आठवड्यात पडते."

मग मला कळलं. हे पक्षी उघड्या रेतीवर अंडी घालतात आणि त्या बेटावर दर साली एक मावशी डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजांची वाडी लावायची. आम्ही स्कूटीवरून नदीवर गेलो, तेव्हा बी टाकायच्या तिच्या नाल्या बेटाच्या अर्ध्यापर्यंत खणून झाल्या होत्या. सुरय बसला होता तो खालचा कोपरा या दुर्मीळ पाखरासाठी सोडायला काकाजींनी तिला सांगितलं.

"पाखरू दुर्मीळ हाये हे कोन म्हन्ते?" तिने विचारलं.

"अजून तं मीच म्हन्तो."

"अन् तुमचं चुकलं तं?"

"तं तुयं नुकसान मी केलं. पुढच्या साली येऊन नाल्या खोदून देईन."

मावशीने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि हसली. "राहू द्या, काकाजी. कोपरा सोडते."

पुढचे दोन महिने मी दर रविवारी फोटो आणत होते आणि काकाजी दर रविवारी मान हलवत होते. पोट पांढरंच. बाकी रेतीवर वेल पसरले, फुलं आली. तो कोपरा तेवढा उघडा. जिनिंगमधला निकाल चुकला तर व्यापारी वाद घालायचा. इथे मावशी वाद घालणार नव्हती, नुसतं तिचं पीक बुडणार होतं. एकदा ते हळूच म्हणाले, "पोरी, तिचा कोपरा मी पडित टाकला."

फेब्रुवारी संपता संपता ते म्हणाले, "पोटावर मळ दिसून राह्यला." मला काहीच दिसत नव्हतं. पुढच्या रविवारी मात्र मलाही दिसलं. एक नव्हे, दोन पक्षी. जोडी. दोघांची पोटं कोळशासारखी.

"काळं," काकाजी म्हणाले. मग ते मोबाइल घेऊन घराबाहेर पडले आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन त्यांनी तो फोटो दाखवला. ज्यांना सुरय म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, त्यांनीही त्या दिवशी काळं पोट पाहिलं.

नागपूरचे सर सकाळच्या गाडीने पुलगावला उतरले. काठावरून त्यांनी जोडी पाहिली आणि काकाजींना हात जोडले. "काका, मी चुकलो."

"नाई. तुमी थांबा म्हनले, ते बरोबरच होतं. मले थांबता येत नोतं, म्हनून आधी बोलावं लागलं."

सरांनी जिल्ह्याच्या यादीत नोंद केली. फोटो माझा, ओळख काकाजींची. मावशीने उघड्या कोपऱ्याभोवती तुराट्या रोवल्या आणि कुत्री हाकलायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. एप्रिलमध्ये दोन पिल्लं निघाली.

काकाजींना जाऊन आता दोन पावसाळे झाले. मला ते आठवतात ते त्या एप्रिलमधल्या सकाळचे. आम्ही रेतीवर उतरलोही नव्हतो, काठावर उभे होतो. तरी जोडीतला एक पक्षी, मादी की नर कोण जाणे, सरळ काकाजींच्या टोपीवर झेपावला, कर्कश ओरडला आणि त्यांच्या धुतलेल्या सदऱ्याच्या खांद्यावर भलीमोठी शीट टाकून गेला. मी रुमाल काढला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू दे. त्याचं घर हाये, त्याले राग येईनच."

तसाच सदरा घालून ते नाचणगावच्या बाजारातून पायी गेले. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "काकाजी, खांद्यावर काय पडलं?" काकाजी थांबले, खांदा त्याच्याकडे वळवला, आणि नीट दिसावा म्हणून जरासे उन्हात सरकले.